कॉन्गोन्यासची क्रुसाची वाट

ब्राझीलच्या मिनास जेराइस या सोन्याच्या खाणींच्या प्रांतात कॉन्गोन्यास हे गाव आहे. दुखण्यातून उठलेल्या फेलिसियानो मेंदेस या पोर्तुगीज खाणकऱ्याने नवसापोटी तेथील टेकडीवर १७५७ साली बॉम जेझुसचे तीर्थस्थान उभारायला घेतले. चढणीवर सहा लहान चॅपेल आहेत. क्रुसाच्या वाटेचे रूढ चौदा टप्पे येथे नाहीत. अंतिम भोजनापासून क्रुसारोहणापर्यंतचे सात प्रसंग पुरुषभर उंचीच्या, रंगविलेल्या लाकडी मूर्तींतून उभे केले आहेत. १७९६ ते १७९९ या काळात त्या कोरल्या गेल्या.

शिल्पकार आंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ. वडील पोर्तुगीज वास्तुकार, आई आफ्रिकी गुलाम स्त्री. जगाला मात्र तो ‘आलेइजादिन्यो’, म्हणजे ‘छोटा पांगळा’, म्हणूनच ठाऊक. रोगाने झडलेल्या हातांना छिन्नी बांधून तो कोरीत असे, ही कथा प्रसृत केली ती त्याच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी, १८५८ साली आलेल्या ब्रेतासच्या चरित्राने.

येथील ख्रिस्ताचा चेहरा विलक्षण संयत आहे. रोमन शिपाई मात्र बेढब, लांबनाके. त्यात काहींना परकी सत्तेविषयीचा द्वेष दिसतो. मला हे फार सोयीचे वाटते. मूर्तींच्या घडणीतला फरक पाहता अनेक शिपाई मदतनिसांच्या हातचे असावेत, हे अभ्यासकांचे मत अधिक पटते. पण एकाकी, पीडित प्रतिभावंताच्या चित्रात कार्यशाळेला जागा उरत नाही. वास्तविक ब्रेतासच्याच कथेत ती आहे: धन्याच्या हाताला छिन्नी बांधणारा मॉरिसियो हा त्याचा गुलाम होता, आणि तोही मूर्ती कोरीत असे.