हिशेबाचा कागद आणि व्याजाचा हक्क

बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीचा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यामुळे १९३४ चा मध्यप्रांत सावकारी कायदा इथेही लागू होता. सावकाराने प्रत्येक कर्जदाराचा वेगळा हिशेब ठेवावा आणि दरवर्षी त्याची सहीनिशी प्रत द्यावी, असे त्यात होते. हिशेब दिला नाही, तर न्यायालय तेवढ्या काळाचे व्याज वगळे. माझ्या मते कायद्याचे खरे बळ या तरतुदीत होते. याआधी १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने कर्जफेडीच्या पावत्या सक्तीच्या केल्या. पण हिशेब लपवणाऱ्याचेच नुकसान व्हावे, ही अट अधिक मोलाची.

निरक्षर कुळाला कागदाचा काय उपयोग, हा आक्षेप खरा आहे. पण कागद वाचता आला नाही तरी तो न दिल्याचा फटका सावकारालाच बसे. मोबाइलवरच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये हेच सूत्र धरले: वार्षिक एकूण दर आधी सांगायचा आणि कर्जाच्या अटी सांगणाऱ्या तथ्यपत्रकात नसलेले शुल्क आकारायचे नाही. २०२४ पासून ते पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देऊन समजावणेही बंधनकारक आहे. खैरलांजीच्या कर्जदाराने ते हक्काने मागावे.