शेतात साचलेलं पाणी पंपाने काढताना

माणमध्ये पंप म्हणजे विहिरीतलं पाणी पिकाला देण्यासाठी. मे २०२५ च्या पावसात मात्र शेतातलं पाणी बाहेर काढायची वेळ आली.

आधी हिशेब करावा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठ्यांत फूटभर पाणी साचलं तर ते सुमारे ३ लाख ८ हजार लिटर होतं. मिनिटाला ६०० लिटर फेकणाऱ्या पेट्रोल पंपाला साडेआठ तास लागतात. उतार असेल तर चर काढून पाणी ओढ्याला लावावं, पेट्रोल कशाला जाळायचं?

पाणी सोडायला जागा हवी. बांधापलीकडं सोडलं तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. नदीच तुंबलेली असताना पंप लावून उपयोग होत नाही.

फूटव्हॉल्व्हला जाळी हवीच, नाहीतर पाचट अडकतं. वर ठेवलेला पंप सहा-सात मीटरपेक्षा खोलचं पाणी ओढत नाही. म्हणून काहीजण इंजिनच विहिरीत उतरवतात. जीव जातो तो इथंच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खालचा माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेलाही पडतो. इंजिन काठावरच ठेवावं, खोल पाण्याला पाणबुडी मोटर वापरावी. तिच्या वायरचे जोड आधी तपासावेत. ओल्या हाताने किंवा पाण्यात उभं राहून स्टार्टरला हात लावू नये.