जखमेत भरलेला बोळा

हातापायाच्या जखमेतून रक्त उसळू लागले, तर जखमेच्या वर पट्टा करकचून आवळता येतो. जांघेत किंवा काखेत मात्र आवळायला जागाच नसते, आणि तिथली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. अशा जखमेत शोषक बोळा ठासून भरायचा आणि वरून दाबून धरायचा, हा उपाय जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आढळतो. तो बोळा कशाचा असावा, याचा शोध मात्र आजही संपलेला नाही.

या शोधाच्या मुळाशी जायचे, तर आपण आधी सुश्रुतसंहितेपाशी थांबू. रक्तस्राव रोखण्याचे चार उपाय तिथे सांगितले आहेत: तुरट द्रव्यांनी जखम सांधणारे संधान, थंडाव्याने रक्त घट्ट करणारे स्कंदन, राखेचे पाचन आणि डाग देऊन शिरा आकसवणारे दहन. आपल्या घराघरांतले उपचार याच वाटेवरचे. न्हाव्याच्या पेटीतली तुरटी आणि कापूस जाळून जखमेवर दाबलेली राख यांची मुळे सहज ओळखू येतात. शेतात विळा लागला की हाताशी येणारा दगडी पाला मात्र मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. म्हणजे आपण ज्याला परंपरागत औषध समजतो, ते सुश्रुताच्या कितीतरी नंतर या मातीत रुजले. इकडे द्रव्यांचा विचार असा सूक्ष्म चालला असताना, इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने एक वेगळीच गोष्ट नोंदवली. जखम कोरड्या तंतूंनी भरावी, वर थंड पाण्यात बुडवून पिळलेला स्पंज ठेवावा आणि तो हाताने दाबून धरावा, असे तो सांगतो. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या सूचनेतल्या हाताभोवती फिरतो. रक्त शोषून घेणे सोपे आहे. वाहत्या धमनीवर सतत दाब ठेवणे कठीण आहे.

भूमध्य समुद्राच्या तळातून पाणबुडे काढून आणत तो स्पंज त्यानंतरही शतकानुशतके शस्त्रवैद्यांच्या हाती राहिला. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आम्ब्रुआझ पारे याने अवयव कापताना रक्तवाहिन्यांना डाग देणे सोडून त्या दोऱ्याने बांधायला सुरुवात केली, पण जिथे दोरा पोहोचत नाही तिथे बोळ्याला पर्याय नव्हता. या साध्या साधनाने केवढे नुकसान केले, ते अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात दिसते. त्या युद्धातले डॉक्टर विल्यम कीन यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की जमिनीवर पडलेला स्पंज भांड्यातल्या साध्या पाण्यात खळबळून पिळला जाई आणि स्वच्छ असल्यासारखा पुन्हा जखमेत जाई. एकाचे रक्त थांबवताना दुसऱ्याचा पू त्याच्या अंगात उतरवला जात होता, आणि याची कोणालाही कल्पना नव्हती. 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची मांडणी केली, त्यानंतर एकदाच वापरून फेकून देता येईल अशा शोषक वस्तूची निकड भासू लागली. कच्च्या कापसावर तेलकट थर असतो, त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. तो थर काढला की तोच कापूस पाणी भराभर पिऊ लागतो. 1880 मध्ये बर्मिंगहॅमच्या सॅम्पसन गॅमजी यांनी असा कापूस गॉझच्या दोन थरांमध्ये घालून जी गादी बनवली, ती त्यांच्या नावाने आजही रुग्णालयांत वापरात आहे.

पहिल्या महायुद्धात हा कापूसही अपुरा पडला, कारण स्फोटके बनवायलाही तोच लागत होता. तेव्हा एडिंबराचे शल्यचिकित्सक चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी दलदलीत वाढणाऱ्या स्फॅग्नम शेवाळाकडे लक्ष वेधले. त्याच्या पानांत मृत, पोकळ, भिंतींना छिद्रे असलेल्या पेशी असतात, आणि वाळलेले शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट द्रव धरून ठेवते. गावोगावी लोकांनी ते गोळा केले, निवडले, वाळवले. 1918 पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला सुमारे दहा लाख शेवाळपट्ट्या रवाना होत होत्या.

इथवरचा प्रत्येक बोळा कधी ना कधी बाहेर काढावा लागे, आणि काढताना जमलेली गुठळी सुटून रक्त पुन्हा वाहू लागे. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेत हा पेच जीवघेणा होता. 1911 मध्ये हार्वे कुशिंग रुग्णाच्याच स्नायूचे तुकडे रक्तवाहिनीवर ठेवत, ते यासाठीच. उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आले. न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया फ्रान्ट्झ यांनी 1943 मध्ये दाखवून दिले, की कापूस आणि गॉझ यांच्यावर ऑक्सिडीकरणाची प्रक्रिया केली तर ते शरीरात विरघळून जातात. 1945 मध्ये जिलेटिन फेटून, वाळवून, भाजून बनवलेला जेलफोम आला. तो आपल्या वजनाच्या 45 पट रक्त धरतो आणि चार ते सहा आठवड्यांत नाहीसा होतो. दोन हजार वर्षांत प्रथमच डॉक्टरांना बोळा आत ठेवून जखम शिवता आली. हा मला या साऱ्या वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा वाटतो. तरीही उसळत्या धमनीपुढे हे मऊ स्पंज टिकत नव्हते.

1993 मध्ये मोगादिशूच्या लढाईत एक अमेरिकन सैनिक जांघेतली धमनी तुटून दगावला. सोबत्यांनी केलेल्या प्रयत्नांना यश आले नाही. अशा मृत्यूंनी लष्करी वैद्यकाला नवी दिशा दिली. 2002 च्या सुमारास झिओलाइट खनिजाची भुकटी आली. रक्तातले पाणी ओढून घेताना ती इतकी तापे की जखमेभोवतीची कातडी भाजे. त्याच सुमारास कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या पट्ट्या आल्या. कायटोसानवरचा धन विद्युतभार ऋणभारित लाल पेशींना खेचून घेतो आणि गुठळी जमवतो. अहमदाबादेत सुरू झालेल्या अ‍ॅक्सिओ बायोसोल्युशन्सने आपल्याकडेही कायटोसानचीच अ‍ॅक्सिओस्टॅट पट्टी बनवली. 2008 पासून अमेरिकी सैन्याने केओलिन माती लावलेले गॉझ पसंत केले. पण या पट्ट्या आणि गॉझवर काही मिनिटे तरी हात दाबून धरावाच लागे, आणि गोळीबारात तेवढी मिनिटे नसतात.

सेल्ससच्या हाताला पर्याय निघाला तो ऑरेगनमध्ये. रेव्हमेडएक्स कंपनीने लाकडाच्या लगद्याचा स्पंज दाबून त्याच्या छोट्या टिकल्या केल्या, त्यांना कायटोसान लावले आणि 92 टिकल्या एका जाड पिचकारीत भरल्या. ही एक्सस्टॅट पिचकारी जखमेत खोल रिकामी केली की रक्त लागताच टिकल्या सुमारे वीस सेकंदांत फुगतात आणि आतून धमनीवर रेटा देतात. एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला लष्करासाठी आणि 2015 च्या अखेरीस नागरी वापरासाठी मान्यता दिली. या टिकल्या विरघळत नाहीत, म्हणून प्रत्येकीत क्ष-किरणांत दिसणारी खूण असते, आणि चार तासांच्या आत शस्त्रक्रियागृहात एकेक मोजून बाहेर काढावी लागते. एक्सस्टॅटसारखा रेटा देणारा आणि जेलफोमसारखा आपोआप विरघळणारा स्पंज बनवण्यासाठी आता प्रयोगशाळांत गोठवून छिद्रे पाडलेल्या, दाबल्यावर मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या जेलवर काम चालू आहे. अडचण अशी, की छिद्रांमधल्या भिंती पातळ ठेवल्या तर स्पंज लवकर विरघळतो पण धमनीपुढे दबतो, आणि जाड केल्या तर दाब टिकतो पण स्पंज शरीरात रेंगाळतो.