मुळीकांचा राम, मुळीकांचा अफजलखान

नाशिकचे लोक गोदावरीला गंगा म्हणतात. दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो. भाजी, मसाले, जुने कपडे, मोडके पंखे, काय वाटेल ते मिळते. गेल्या उन्हाळ्यात पंचवटीच्या बाजूला एका पथारीवर सुतळीने बांधलेला कॉमिक्सचा गठ्ठा दिसला. विकणारे चाचा ओळखीचे नव्हते, पण माझी नजर त्यांनी बरोबर ओळखली. “पूरा गठ्ठा ले जाव, सौ रुपये.” मी ऐंशीला घेतला.

घरी येऊन सुतळी सोडली. वर ‘नागराज’चे सहा अंक. त्याखाली अमर चित्र कथेचे ‘राम’ आणि ‘शिवाजी’, दोन्ही मराठीत. ‘शिवाजी’चे कव्हर गेलेले. तळाशी ‘सुप्रीमो’चा एक हिंदी अंक, कोपऱ्याला वाळवी लागलेला. प्रकाशने वेगळी, वर्षे वेगळी, वाचकही वेगळे. पण या सगळ्यांची चित्रे काढणारा हात एकच होता, पुण्याच्या प्रताप मुळीकांचा.

लहानपणी मी त्यांना आपल्यापैकीच समजत होतो. त्यांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग असे छापले जायचे की माझा थोरला चुलतभाऊ ते बेधडक ‘मलिक’ वाचायचा. जुन्या नाशकातून व्हिक्टोरिया पूल ओलांडून आम्ही पंचवटीत यायचो, भाड्याने कॉमिक्स घ्यायचो आणि ‘मलिकसाहेबांनी’ काय भारी चित्र काढलेय म्हणून खूश व्हायचो. ते मुळीक आहेत हे कळायला कॉलेज उजाडले. तोवर राम, शिवाजी महाराज आणि नागराज या तिघांचेही चेहरे माझ्या डोक्यात त्यांच्याच ब्रशने पक्के केले होते.

यातला राम आधी घेऊ, कारण पंचवटी त्याचीच. काळाराम मंदिरातली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. मुळीकांचा राम निळा. हा निळा राम आकाशातून पडलेला नाही. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या तसबिरींनी देवांना एक ठरावीक चेहरामोहरा दिला. त्याच छापखान्यात काम केलेले दादासाहेब फाळके मूळचे आमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. पुढच्या वर्षी फाळक्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशकात उभी राहिली. तसबीर, मग सिनेमा, मग कॉमिक अशी ही साखळी आहे. अनंत पै यांनी १९६७मध्ये अमर चित्र कथा सुरू केली तेव्हा त्यांच्या चित्रकारांपुढे हेच नमुने होते. मुळीकांनी त्यात एक भर घातली. त्यांच्या रामाला स्नायू आहेत. तो पाय रोवून उभा राहतो, धनुष्य ओढताना त्याच्या दंडाला ताण येतो. तसबिरीतला राम आशीर्वाद देतो, मुळीकांचा राम लढतो.

इथे दुसरी एक तारीख आठवते. २ मार्च १९३० रोजी याच काळारामाच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. आत जाऊन मूर्ती पाहण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यानंतर चाळीस वर्षांनी आलेला बत्तीस पानांचा राम मात्र कोणाच्याही हातात येऊ शकत होता. दुकानदार जात विचारत नव्हता, भाडे तेवढे घेत होता. मी पंचवटी, शूर्पणखा, सोन्याचे हरीण ही सगळी कथा त्या अंकातच वाचली; अम्मी स्वयंपाकघरात होती आणि तिला त्यात काही वावगे वाटले नाही.

‘शिवाजी’ वाचताना मात्र तसे झाले नाही. या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची, म्हणजे फास्टर फेणेच्या लेखकाची. प्रतापगडाचा प्रसंग अर्थातच कथेच्या मध्यभागी. अफजलखान धिप्पाड, दाढीवाला, रागीट. ते पान वाचून झाल्यावर आम्ही भाऊ एकमेकांकडे बघायचो नाही. खेळताना महाराज व्हायला सगळे तयार, खान व्हायला कोणीच नाही. आणि पूल ओलांडून आलेल्या पोरांनी खान व्हायचे, हे बाकीच्यांनी गृहीत धरलेले.

याचा दोष मी मुळीकांना देत नाही, पण चित्राने काय केले ते सांगायलाच हवे. दाढी महाराजांनाही होती. सतराव्या शतकातल्या डच संग्रहांतली त्यांची चित्रे पाहा: जामा, पगडी, कमरबंद, सगळा दख्खनी दरबारी पोशाख. विजापूरचे सरदार असेच कपडे घालत. म्हणजे दोघे समोरासमोर आले तेव्हा त्यांच्या पेहरावात आपल्याला वाटते तितके अंतर नव्हते. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. लढाई दोन राज्यांची होती. पण कॉमिकच्या चौकटीत एवढी गुंतागुंत मावत नाही. तिथे पोराला एका नजरेत नायक आणि खलनायक वेगळे दिसावे लागतात. मग चित्रकार एकाचा आकार वाढवतो, रंग गडद करतो, भुवया ओढतो. हे या माध्यमाचे व्याकरणच आहे. मुळीकांनी रावणालाही त्यातच बसवले. फरक एवढाच की रावणाचे नातेवाईक आमच्या मोहल्ल्यात राहत नव्हते.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. अमर चित्र कथेतली ‘मीराबाई’ युसुफ लीन या चित्रकाराने काढली, आणि ती त्या मालिकेतल्या सर्वात देखण्या अंकांपैकी एक आहे. इंद्रजाल कॉमिक्समध्ये १९७६ साली आलेला चंबळचा ‘बहादूर’ हा डोंगरीत वाढलेल्या आबिद सुरतींच्या लेखणीतून उतरला. त्याच्या अंगात भगवा कुर्ता आणि जीन्स. गोविंद ब्राह्मणिया त्याची चित्रे काढत. त्या रंगावरून तेव्हा कोणाला प्रश्न पडल्याचे मला आठवत नाही.

‘सुप्रीमो’ हा सुपरहिरो म्हणजे चक्क अमिताभ बच्चन. ऐंशीच्या दशकात इंडिया बुक हाऊसने ही मालिका काढली, लिहिली पम्मी बक्षी यांनी, संहितेला गुलजारांचा हात. गुलाबी घट्ट पोशाख आणि गॉगल, आज पाहून हसू येते. पण मुळीकांचे कसब बघा: जगभर ओळखला जाणारा चेहरा प्रत्येक चौकटीत वेगळ्या कोनातून काढायचा आणि तो बच्चनच वाटला पाहिजे. सुप्रीमोच्या ससाण्याचे नाव शाहीन. इक्बाल वाचलेल्या माणसाला ते नाव उगाच ठेवले असेल असे वाटत नाही.

मग १९८६मध्ये राज कॉमिक्सचा ‘नागराज’ आला. त्याच वर्षी ‘नगीना’ सिनेमा. नागांचे दिवसच होते ते. प्रोफेसर नागमणी नावाचा खलनायक नागराजला अतिरेक्यांना विकण्याचे शस्त्र म्हणून घडवतो आणि बाबा गोरखनाथ त्याला त्या गुलामीतून सोडवतात. अमेरिकन सुपरहिरोला शक्ती प्रयोगशाळेत नाहीतर दुसऱ्या ग्रहावर मिळते. आमच्या सुपरहिरोला शुद्धीवर आणायला नाथपंथी जोगी लागतो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना दीक्षा दिली असे मानणाऱ्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे परके वाटायचे कारण नव्हते. आमच्या घरीही गोरखनाथ हे नाव नवे नव्हते. मढीचे कानिफनाथ अनेकांसाठी शाह रमजान माहीसवार आहेत, तिथे नाथ आणि पीर यांच्यात भिंत कुठे घालणार?

हिरव्या खवल्यांचा नागराज मुळीकांनी साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत काढला. पुढे मिलिंद मिसाळ आणि विठ्ठल कांबळे ही नावे त्यांच्याबरोबर दिसू लागतात. नंतर अनुपम सिन्हांनी नागराजला वेगळे रूप दिले, जास्त फुगलेले, जास्त चकचकीत. बरेच वाचक त्यांचाच नागराज खरा मानतात. मी नाही मानत. ‘राम’ आणि ‘नागराज’ शेजारी ठेवून पाहिले तर खांदे तेच, उभे राहण्याची ढब तीच. एकाच्या हातात धनुष्य, दुसऱ्याच्या मनगटातून साप, एवढाच फरक.

आता या माणसाचे समग्र काम बघायचे तर कुठे बघायचे? अमर चित्र कथेचे जाडजूड संच मिळतात, पण ते विषयवार असतात. राज कॉमिक्सने जुने अंक परत छापले, ते नागराजच्या नावाने. पात्र कंपनीचे, मालिका कंपनीची, चित्रकाराचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात. अंक फाटला की पहिले तेच पान जाते. हॉलीवूडच्या सिनेमांमुळे आपल्या पोरांना आज स्टॅन ली आणि जॅक किर्बी माहीत आहेत. किर्बीच्या घरच्यांनी हक्कांसाठी कोर्टात लढा दिला, तोही बातम्यांतून पोचला. मुळीकांची चित्रे पाहत वाढलेल्या किती जणांना त्यांचे नाव सांगता येईल?

म्हणून मी एक वही केली आहे. अंकाचे नाव, भाषा, चित्रकाराचे नाव छापले आहे की नाही, कुठे मिळाला. त्या दिवसाच्या गठ्ठ्यामुळे नऊ नोंदी वाढल्या. अफजलखानाचे पान परत पाहिले. खानाच्या हातावरच्या शिरा मुळीकांनी महाराजांच्या हाताइतक्याच निगुतीने काढल्या आहेत, हे लहानपणी दिसले नव्हते. ‘शिवाजी’चे कव्हर अजून मिळालेले नाही. चाचा म्हणाले होते, पुढच्या बुधवारी आणखी एक पोते येणार आहे, आडगाव नाक्यावरच्या कुणाच्या तरी माळ्यावरचे.