दोन कार्बोरेटर, एक नळी

आमच्या गॅरेजमध्ये हत्यारांच्या फळीवर एका खिळ्याला दोनेक फूट लांबीची रबरी नळी लटकलेली असायची. तिला कुणी हात लावायचा नाही. टाकीतून पेट्रोल ओढायला वेगळी नळी होती, हवा भरायला वेगळी. ही फक्त कानाला लावायची.

आमचं गॅरेज दांडिया बाजाराच्या मागे, एका पोळाच्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीच्या, तोंडाशी. आमच्या इथल्या मराठी घरांत वडोदऱ्याला अजून बडोदंच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. आजोबा कलाभवनात मेकॅनिकल शिकले होते. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेली ही संस्था सुरतेच्या त्रिभुवनदास गज्जरांनी उभी केली. गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कारागिराच्या मुलाला यंत्र शिकवायचं तर त्याच्याच भाषेत शिकवलं पाहिजे हा त्यांचा आग्रह, म्हणून तिथे गुजराती-मराठीत शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी, हे सगळे सांगतात. पण लेथवर, भट्टीवर, सुतारकामाच्या बाकावर शिकून जे शेकडो लोक गावात पसरले, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. बडोद्याच्या गॅरेजांचा पाया त्यांनी घातला असं माझं पक्कं मत आहे. आमच्या घरात तरी तो तसाच घातला गेला.

वडिलांच्या काळात गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्या म्हणजे फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर. एक इंजिन, एक कार्बोरेटर. त्यात जुळवायचं काय? पण एका डॉक्टरांकडे एमजी टीसी होती, मुंबईहून जुनी घेतलेली. 1945 ते 1949 या काळात इंग्लंडात अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. बाराशे पन्नास सीसीचं चार सिलिंडरचं छोटं इंजिन, ताकद 54 हॉर्सपॉवर, आणि बाजूला शेजारी शेजारी बसवलेले दोन एसयू कार्बोरेटर. पुढचा पुढच्या दोन सिलिंडरना पाजतो, मागचा मागच्या दोघांना. प्रत्येकाच्या गळ्यात एक पितळी चकती, स्पिंडलवर फिरणारी. तिला बटरफ्लाय म्हणतात. पाय दाबला की दोन्ही चकत्या एकदम उघडल्या पाहिजेत, सोडला की एकदम मिटल्या पाहिजेत. त्यांच्यात केसाएवढा फरक पडला तरी इंजिन जागेवर उभं असताना लंगडतं. मग प्लग काढून पाहावेत. दोन काजळीने काळे, दोन पांढुरके. विटकरी रंगाचा एकही नाही.

एसयू हे नाव स्किनर कुटुंबाचं. त्यांचा बुटांचा धंदा होता. 1905 साली पेटंट घेतलेल्या त्यांच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हे मला फार आवडतं. चामडं ओळखणाऱ्या माणसांनी इंजिनाला श्वास घ्यायला शिकवलं. पुढे 1926 मध्ये मॉरिसने ती कंपनी विकत घेतली, आणि मॉरिस गॅरेजेस म्हणजेच एमजी असल्यामुळे एसयू त्या गाड्यांवर आले.

जुळवणी करायचे ते चाचा. याकुतपुऱ्याहून सायकलवर यायचे. आधी टॅपेट, मग पॉइंट, मग प्लग. कार्बोरेटरला हात सगळ्यांत शेवटी, आणि तोही इंजिन चांगलं तापल्यावर. दोन स्पिंडलना जोडणारा क्लॅम्प ते सैल करत, म्हणजे दोन्ही बटरफ्लाय मोकळे होत. मग नळीचं एक टोक कानात आणि दुसरं पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत शिरणाऱ्या हवेचा सूं असा आवाज येतो. तो मनात धरायचा, नळी मागच्या तोंडाशी न्यायची, आणि स्लो स्पीडचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत दोन्ही आवाज एका उंचीला आणायचे. नळी दोन्हीकडे तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच कोनात धरली पाहिजे, नाहीतर कान फसतो. चाचा करंगळी कार्बोरेटरच्या कडेला टेकवून अंतर मोजायचे. मग डोळे मिटलेले असतानाच वडिलांना विचारायचे, "बेऊ सरखा बोले छे?" (दोन्ही सारखे बोलतात ना?) आणि नळी त्यांच्याकडे द्यायचे. दोघांचं एकमत झालं की क्लॅम्प आवळायचा, आणि आवळल्यावर पुन्हा ऐकायचं, कारण आवळताना हमखास काहीतरी सरकतं.

त्यानंतर मिक्श्चर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कार्बोरेटरचा पिस्टन नखाच्या जाडीइतका वर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बंद पडायला लागलं तर कमी आहे. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर.

वडील हे काम तंबोऱ्याच्या जोडीशी लावून समजावत. आत्या सूरसागरासमोरच्या गायनशाळेत जायची. मौलाबख्शांनी 1886 साली सुरू केलेली ती शाळा, फैयाज खाँसाहेबांच्या गावातली. घरी ती तंबोरा लावायला बसली की मधल्या जोडीच्या तारा आधी एकमेकींशी भांडतात, आवाजात लाट येते, मग लाट लांब लांब होत जाते आणि एका क्षणी दोन तारांची एकच तार होते. हवेच्या आवाजात लाट ऐकू येत नाही, तेव्हा उपमा पुरती बसत नाही हे मला पुढे कळलं. पण एक गोष्ट त्या उपमेने शिकवली: उंच आवाज खाली आणायचा की खालचा वर न्यायचा, हे आधी ठरवल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही.

1969 च्या मे महिन्यात, चौदा वर्षांचा असताना, मी त्या टीसीचे दोन्ही कार्बोरेटर धुवायला घेतले आणि सुटे भाग एकाच ट्रेमध्ये टाकले. एसयूचा पिस्टन आणि त्याच्यावरची घंटेसारखी टोपी यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. मी ती जोडी मोडली होती. चाचा रागावले नाहीत. त्यांनी एक टोपी उलटी केली, पिस्टनची भोकं बंद केली, आणि पिस्टन धरून टोपी सोडली. ती हवेवर तरंगत हळूहळू खाली उतरली. तीन ते पाच सेकंद लागले पाहिजेत. पहिली जोडी दोनच सेकंदांत खाली आली. अदलाबदल केली, आणि दोन्ही टोप्या चार चार सेकंद घेत उतरल्या. घड्याळ वडिलांच्या हातात होतं. ती उतरणारी टोपी मला आजही दिसते.

हे सगळं कानावर आणि हातावर चालायचं याला कारण होतं. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन तुटपुंजं. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने बाहेरचे भाग इथे नुसते जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना बाहेरची वाट दाखवली, आणि मुंबईतला जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. बाहेरच्या गाड्या येणं जवळपास थांबलं, आणि आलेल्या गाड्यांचे भागही. स्पिंडल झिजून कार्बोरेटर अंगातून हवा ओढायला लागला, तर कितीही नळी लावा, जुळणी टिकत नाही. नवं स्पिंडल मिळायचं नाही. मग भोक मोठं करून त्यात पितळी बुश ठोकायचा, आणि लेथवर नवीन स्पिंडल काढायचं. डॉक्टरांच्या गाडीचे चार बुश 1974 साली आमच्या शेजारच्या खराद्याने काढले. कलाभवनाची शिस्त त्याच्या हातात होती, तो स्वतः तिथे कधी गेला नसला तरी.

1983 मध्ये राजदूत 350 मोटरसायकल आली आणि दोन कार्बोरेटर एकदम कॉलेजच्या पोरांच्या हातात आले. त्यात बटरफ्लाय नसतो, स्लाइड असते, आणि ती डोळ्यांनी बघून जुळवतात. दोन-तीन वर्षं गॅरेजसमोर रांग असायची. मग 2000 च्या सुमारास गाड्यांत एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन, आलं, आणि 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 या प्रदूषणाच्या नियमांमुळे नव्या मोटरसायकलीवरूनही कार्बोरेटर गेला. ऐकायचं काम सेन्सर करतो, आणि चांगलं करतो.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. मी तिन्ही दिवस गेलो. गाड्या चकाचक पुसलेल्या होत्या, पण सकाळी त्या सुरू होत असत तेव्हा मी डोळे मिटून उभा राहायचो.

डॉक्टरांची टीसी आता त्यांच्या नातीकडे आहे. नव्या नियमाप्रमाणे जुन्या गाड्यांच्या व्हीए मालिकेतल्या नंबरसाठी वीस हजार रुपये भरून तिने नोंदणी करून घेतली. गेल्या पावसाळ्यानंतर ती गाडी घेऊन आली: उभ्या गाडीचं इंजिन लंगडतंय. कारण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याने मिक्श्चर पातळ होतं आणि जेटच्या बुडाची जुनी कॉर्कची वॉशर फुगते. वॉशर बदलल्या, दोन्ही जेटचे नट एकेक फ्लॅट खाली घेतले, क्लॅम्प सैल केला. जुनी नळी तडकली होती, म्हणून नवी दोन फूट कापून आणली. स्पिंडल बोटांत धरून वर-खाली हलवून पाहिलं. 1974 चे बुश, आणि कणभरही खेळ नाही.