भुताची कथा आणि वधूची दुविधा

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर गेले, की बगरू हे छापील कापडाचे गाव लागते. तेथील छिपा कारागीर ‘डाबू’ छपाई करतात. ठशाने कापडावर चिखलाचा लेप उमटवावयाचा आणि मग ते रंगात बुडवावयाचे. लेपाखालचा भाग रंगापासून अलिप्त राहतो, आणि कापड धुतले की तोच नक्षी होऊन उठून दिसतो. राजस्थानातील एका भुताच्या कथेचेही असेच झाले. तिच्यात झाकून राहिलेली एक स्त्री विसाव्या शतकात स्पष्ट दिसू लागली.

कथाबीज जुने आहे. नवरा परगावी जातो, त्याचे रूप घेऊन भूत घरात येते, आणि खरा नवरा परतल्यावर न्याय कोणी करावा हा पेच पडतो. लालबिहारी डे यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या बंगाली लोककथांत ती आढळते. तेथे खेळातला राजा झालेला एक गुराखी पोर भुताला कुपीत शिरावयास लावून बूच मारतो. श्रोते त्या चातुर्यावर खूष होतात. पत्नीला काय वाटले, हे कथा विचारीत नाही.

जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा गावचे विजयदान देथा (१९२६–२०१३) यांनी नेमके तेच विचारले. त्यांच्या ‘बातां री फुलवाडी’ या १४ खंडांच्या राजस्थानी कथासंग्रहातील दहाव्या खंडाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांच्या ‘दुविधा’ या कथेतील वधू कोवळ्या मनाची आहे. वाटेत तिला रानफळे खावीशी वाटतात. हिशेबात गढलेल्या नवऱ्याला ती हौस गावंढळ वाटते. तो पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. मग तिच्यावर भाळलेले भूत येते, पण ते तिला फसवीत नाही; आपण कोण हे आधीच सांगून टाकते. निर्णय तिच्यावर येतो. आयुष्यात प्रथमच तिला कोणी तिची इच्छा विचारलेली असते, आणि विचारणारा माणूस नसतो!

पुढे खरा नवरा परततो. एक धनगर भुताला कातडी मशकीत कोंडतो आणि न्याय झाला असे सर्व मानतात. दोन्ही पुरुषांची परीक्षा होते. वधूची साक्ष मात्र कोणी काढीत नाही.

मणी कौल यांनी १९७३ साली याच नावाचा चित्रपट काढला आणि शेवटचे दुःख तसेच ठेवले. मराठी रसिकांना परिचित असलेले अमोल पालेकर यांनी २००५ सालच्या ‘पहेली’त भुताला नवऱ्याच्या देहात परत आणून वधूला सुखी केले. प्रेक्षकाला हा शेवट दिलासा देतो. परंतु कथेतील खरा काळोख भुताचा नव्हेच. भूत मशकीत गेल्यावर घरात जी निःशब्दता उरते, तिचा तो आहे.