बक्किट प्लगिनमधील कमांड आर्ग्युमेंट

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतील सर्व्हरसाठी बक्किट, स्पिगॉट किंवा पेपर या प्रणालींवर प्लगिन लिहिताना, खेळाडूने कमांडच्या नावापुढे टंकलेल्या शब्दांना आर्ग्युमेंट म्हणतात. ‘/हील समीर १०’ या ओळीतील ‘समीर’ आणि ‘१०’ ही दोन आर्ग्युमेंट. ती ‘ऑनकमांड’ या मेथडला स्ट्रिंगच्या ॲरेत मिळतात. क्रमांक शून्यापासून सुरू होतात आणि कमांडचे नाव त्यांत नसते.

ओळ केवळ मोकळ्या जागेवर तोडली जाते. अवतरणचिन्हांतले शब्दही सुटे होतात, म्हणून संपूर्ण वाक्य हवे असल्यास ते पुन्हा जोडावे लागते.

नवशिक्यांचे प्लगिन बहुधा ॲरेची लांबी न तपासल्याने अडखळतात. खेळाडूने नुसते ‘/हील’ लिहिले, की शून्याव्या घटकाला हात लावताच अपवाद उद्भवतो, खेळाडूला ‘अंतर्गत त्रुटी’ असा मोघम संदेश दिसतो आणि खरे कारण कन्सोलच्या नोंदीत राहते. आकड्याचीही खातरजमा हवी: जावाची ‘पार्सइंट’ मेथड ‘दहा’ नाकारते, पण देवनागरी ‘१०’ स्वीकारते, आणि ‘-५’सुद्धा! दिलेल्या नावाचा खेळाडू ऑनलाइन नसेल तर त्याच्या शोधाचे उत्तर ‘नल’ येते. कमांड देणारा कन्सोलही असू शकतो; त्याला खेळाडू समजून चालत नाही.

मेथडने ‘फॉल्स’ परत केल्यास प्लगिनच्या वायएमएल फाइलमध्ये लिहिलेली वापराची सूचना आपोआप दाखवली जाते. मूळ खेळात मात्र १.१३ आवृत्तीपासून (२०१८) मोजांगची ब्रिगेडियर ही लायब्ररी आर्ग्युमेंटचे प्रकार स्वतःच तपासते.